लंगडी मेंढी

"अरे हळू! कान तुटेल तिचा!" राजनंदिनी ओरडली.

"तुझा तर न्हाय ना तुटत? मग गप बस की!" असं म्हणून बिरदेवनं गरम पाण्याचा आणखी एक तांब्या दगडावर ओतला.

पिवळंजर्द पाणी ओघळत शलोमीच्या चपलेपर्यंत आलं. ती पटकन मागे सरली. सोसायटीच्या खताच्या गोदामाच्या दाराशी, उजव्या अंगाला, हा दगड भिंतीला टेकवून उभा होता. शलोमी दर सुट्टीत बारामतीहून आजोळी, निरापेठेला यायची. पण आजवर तिला तिथं नुसता एक पिवळा गोळाच दिसला होता. तेल आणि भंडारा, तेल आणि भंडारा, वर्षानुवर्षं! हळदीचा तो थर बोटभर जाड झाला होता. आज पहिल्यांदाच त्याचे पोपडे सुटत होते, आणि खालून एक तोंड, एक कान आणि लोकरीचे वळसे वर येत होते.

"अगं बाई, ही तर खरंच मेंढी आहे!" शलोमी म्हणाली.

"मग तुला काय म्हैस वाटली व्हय?" बिरदेव हसला. "ही आमची लंगडी मेंढी. बिरोबाची. तिचा पुढचा पाय बघ, वर उचललाय. लंगडी म्हणून ती देवासंगं कोकणात गेली न्हाय, हितंच गावाची राखण करत बसली. पाडव्याला समदी मेंढरं हिच्यासमोरनं न्यायची. मग कोकणाच्या वाटंवर एकबी मेंढरू लंगडत न्हाय."

"आणि लंगडलं तर?"

"तर ते तिरकं गेलं असणार," बिरदेव ठामपणे म्हणाला. राजनंदिनीला हसू फुटलं.

दिवाळीचा पाडवा परवावर आला होता. दरवर्षी हा दगड नुसता पुसायचे. यंदा मात्र बिरदेवच्या आजोबांनी, गेणबांनी, थर नीट काढायला सांगितलं होतं. कारण दगड इथून हलणार होता.

"अय पोरांनो! चिखल करू नका दारात!" गोदामाचा राखणदार कुंडलिक खाटेवरूनच ओरडला. उठायचे कष्ट त्यानं घेतले नाहीत. "न्हायतर असू दे. करा काय करायचं ते. पाडवा झाला की दुसऱ्याच दिवशी गोदाम पडतंय. हितं गाळे निघणार. चांगले शटरचे!"

"आप्पांनी सांगितलंय मला," राजनंदिनी हळूच म्हणाली. सोसायटीचे चेअरमन आप्पा म्हणजे तिचे वडील. "दगड बिरोबाच्या देवळात ठेवणार म्हणे."

"आबा हो म्हणाले खरं," बिरदेव दगडावरून हात फिरवत म्हणाला. "पर रातभर झोपले न्हाईत. म्हणले, ती हितं बसलीय त्याला काहीतरी कारण असंल. काय कारण ते त्यास्नीबी म्हाईत न्हाय."

 शलोमी त्या उचललेल्या पायाकडे बघत होती. ही मेंढी आपण कुठंतरी पाहिली आहे, असं तिला वाटत होतं. पण कुठं?

शलोमीच्या आजोबांचं, शांतवन साळव्यांचं, घर टेकडीच्या पायथ्याशी होतं. आजोबा बारामतीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर गावी आले. पावसाळ्याच्या तोंडाशी आजी वारली आणि तेव्हापासून ते घराबाहेर पडेनासे झाले. रविवारी चर्चची घंटा वाजली की ते उठून मागच्या अंगणात जात आणि घंटा थांबेपर्यंत तिथंच उभे राहत.

आजी होती तेव्हा हे घर कसं बोलतं असायचं! आता शलोमीनं ताटं मांडली तर ताटांचा आवाज झाला, तेवढाच.

"आजोबा, आजीची पेटी उघडू?"

आजोबांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "कशाला?"

"तिच्या भरतकामात मी काहीतरी पाहिलंय. नक्की आठवत नाही. पण बघायचंय."

त्यांनी उठून हात धुतले. मग खुंटीवरची किल्ली काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवली आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून बसले.

पेटीत सगळ्यात वर एक पांढरं कापड होतं. चर्चमधल्या मेजावर अंथरायचं. वर्षातून एकदाच, पीक घरात आल्यावर देवाचे आभार मानायच्या सणाला ते बाहेर निघायचं. त्याला कुणाला हात लावू द्यायची नाही आजी. धुवायची तीच, घडी घालायची तीच. शलोमीनं घडी उलगडली आणि ती जागीच उभी राहिली.

मधोमध पांढऱ्या रेशमानं भरलेलं कोकरू होतं. पुढचा एक पाय वर उचललेला!

"आजोबा! हे कोकरू कुणी काढलं?"

"तुझ्या आजीनं. आणि तिला शिकवलं तिच्या आजीनं." आजोबा वळले नव्हते. "मोठ्या दुष्काळात हा कालवा खणायला लोक आले ना, त्यात तिची आजी आली, एवढीशी पोर. आईबाप वाटेतच गेलेले. इथं मिशनच्या लोकांनी अशी पोरं सांभाळली. त्या आधी इथं गाव नव्हतंच. नुसता खडकाळ माळ आणि धनगरांची मेंढरं. कालवा आला, मग पेठ आली, मग आपण सगळे."

"आणि चर्च?"

"टेकडीवरच्या दगडी चर्चवर एकोणीसशे अकरा लिहिलंय. स्टँडमागचं पत्र्याचं चर्च त्यानंतरचं. पण तिथले लोक म्हणतात, इमारत नवी असली तरी आमचीच मंडळी आधीची. दर वर्षी भांडतात." आजोबा खिडकीतून टेकडीकडे बघत होते. "तुझी आजी म्हणायची, दोघंही चुकताय. पहिलं मंदिर, पहिलं चर्च, खाली गावात होतं. माझी आजी तिथंच वाढली, तिथंच हे कोकरू बघून भरायला शिकली."

"मग? सापडलं?"

"सायकलवर डबलसीट बसवून मी तिला सगळीकडे फिरवलं. जुनी विहीर, कालव्याचा बंगला, पार फाट्यापर्यंत. कुठं काही नाही. लोक हसायचे. शेवटी आजारात म्हणाली, अहो, मला ती जागा एकदा दाखवा." आजोबांनी खिडकी ओढून घेतली. "मी दाखवतो म्हणालो. आणि नाही दाखवली."

शलोमीनं कापड छातीशी धरलं. दगडाचं सांगावं का आत्ताच? पण खोटं ठरलं तर? आजोबांना पुन्हा एकदा रिकाम्या हाती परत यायला लागेल. नाही. आधी खात्री करायची, मगच सांगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजनंदिनीच्या अंगणात तिघांची बैठक भरली. अंगणात तिचा दिवाळीचा किल्ला होता. किल्ल्याच्या पायथ्याशी तिनं यंदा अख्खी निरापेठ वसवली होती. निळ्या कागदाचा कालवा, त्याच्या कडेनं दोरीचा रस्ता आणि काड्यापेट्यांची घरं.

शलोमीनं कापड उलगडून दाखवलं. बिरदेव वाकला.

"मेंढी तीच हाय," तो म्हणाला. "पर हिच्या पायात काठी हाय, झेंड्याची. वर क्रूस हाय. आमच्या मेंढीला कुठाय काठी?"

"ती हळदीखाली असेल!"

"असंल न्हायतर नसंल."

"मग खरवडून बघू."

"ए!" बिरदेव ताडकन उठला. "देव हाय तो! पाण्यानं सुटंल तेवढंच काढायचं. खरवडायला काय भाताचं पातेलं हाय व्हय?"

शलोमीनं जीभ चावली. "चुकले. पण हात तर लावता येईल ना? तू लाव. तुमचाच मान आहे."

बिरदेव थोडा शांत झाला. पण त्याच्या कपाळावरची आठी गेली नाही. "आन समजा काठी निघाली, क्रूस निघाला. मग आमची मेंढी तुमची झाली व्हय?"

शलोमी कापडाची घडी घालू लागली. 

"आधी एक सांगा मला," राजनंदिनी मध्येच म्हणाली. ती किल्ल्यासमोर उकिडवी बसली होती. "मी कालपासून या गोदामाच्या काड्यापेटीशी भांडतेय. सगळी घरं रस्त्याकडे तोंड करून नीट बसतात. ही एकच वाकडी! सरळ ठेवली तर खरी वाटत नाही. गोदाम आहेच तसं, तिरकं."

"बांधणारा तुझ्यासारखा असंल," बिरदेव म्हणाला.

"थांब, थांब!" शलोमीनं टेकडीवरच्या काड्यापेटीवर बोट ठेवलं. "ही कशी ठेवलीस?"

"चर्च? आहे तशीच. दार मावळतीला."

"आणि गोदामाचं दार?"

राजनंदिनीनं एकदा वर बघितलं, एकदा खाली. दोन काड्यापेट्या अगदी एकमेकींसारख्या बसल्या होत्या. बाकी सगळा गाव कालव्याच्या कलानं आणि या दोघी सूर्याच्या!

"अगं आई!" ती म्हणाली.

बिरदेवची थट्टा पार पळाली. "सकाळचं ऊन गोदामाच्या पाठीवर येतं, खरं हाय. आमी मेंढरं तिकडंच उन्हाला उभी करतो. पर हे ध्यानात न्हाय आलं कदी."

तरी राजनंदिनीचं समाधान झालं नाही. "आप्पांना मी ओळखते. काड्यापेट्या दाखवल्या तर ते फटाके वाजवायला धाडतील आपल्याला. ते म्हणतात, कालव्याच्या साहेबानं चुना ठेवायला बांधलं होतं ते. आतून बघायला हवं."

"कुलूप आहे. किल्ली कुंडलिककाकांकडे."

"किल्ली मी आणते," राजनंदिनी म्हणाली. "तुम्ही फक्त चेहरे गरीब करा. बिरदेव, तुझा आहेच."

कुंडलिक खाटेवर पडून ट्रान्झिस्टर ऐकत होता.

"कुंडलिककाका, किल्ल्याची माती भरायला फाटकी बारदानं हवीत. द्या ना काढून!"

"आत्ता? ऊन बघ कसं पडलंय."

"बरं, मग आप्पांनाच सांगते, की काका उठत नाहीत."

"अगं, मी कधी न्हाय म्हणलं?" कुंडलिकनं पडल्या पडल्या किल्ली फेकली. "घ्या तुमीच. कुलूप लावून किल्ली खाटंखाली टाका. आन मला उठवू नका!"

आत युरियाचा वास नाकात शिरला. डोळ्यांतून पाणी आलं. हळूहळू अंधाराची सवय झाली आणि तिघांच्या माना वर गेल्या. भिंतीत ओळीनं उंच कमानी होत्या. विटा रचून बुजवलेल्या.

"चुन्याला एवढ्या खिडक्या कशाला लागतात?" राजनंदिनी कुजबुजली.

उगवतीकडच्या टोकाला गोण्यांची थप्पी उंच दिसत होती. शलोमी त्या गोण्यांच्या फटीतून सरकली आणि तिच्या पायाला पायरी लागली. गोण्या जास्त नव्हत्या. खालची जमीनच उंच होती. दगडी चौथरा! टेकडीवरच्या चर्चमध्ये मेज असतं, अगदी तिथंच.

"इकडं या! हितं दारावर बघा!" बिरदेवनं हाक मारली. बाहेरच्या बाजूनं दाराच्या वर, दगडी भिंतीच्या मधोमध, विटांचं एक ठिगळ होतं. तिथला दगड कधीतरी निखळला होता. बिरदेवनं कंबरेच्या पिशवीतून लोकरीचा दोरा काढला. तो गेणबांच्या, लोकर कातायच्या चातीवरचा होता. राजनंदिनीच्या खांद्यावर चढून त्यानं ठिगळाची रुंदी मोजली आणि तिथं गाठ मारली. मग उंची मोजून दुसरी गाठ.

"वजन कमी कर रे, मेंढरा!"

"हलू नकोस, खांबा!"

मग तो दगडापाशी बसला. हात जोडून कपाळाला लावले आणि दोरा धरला. पहिली गाठ काठावर आली. दुसरीही आली.

 बिरदेवनं डोळे मिटून उचललेल्या पायावर बोटं ठेवली आणि थराच्या कडेनं हळूहळू वर नेली. खुरापासून खांद्यापर्यंत.

"शलू," तो म्हणाला, "लंगडी न्हाय ही. हिच्यापाशी काठी हाय."

"काय चाललंय रे?"

तिघंही दचकले. बुलेटवरून आप्पा उतरत होते. मागे डोळे चोळत कुंडलिक धावला.

राजनंदिनीनं सगळं एका दमात सांगून टाकलं. आप्पांनी ऐकून घेतलं. पण ऐकताना त्यांची नजर घड्याळावर होती.

"एक दोरा आन एक रुमाल," ते म्हणाले. "यावर मी काम थांबवू? ठेकेदार ठरलाय, ट्रॅक्टर ठरलेत. जुनं आसंल तर आसंल! जुनं म्हणून काय समदं ठेवायचं व्हय? आन तू गं, खांब व्हऊन हुबी राहतीस गावात? घरी चल. कुंडलिक, ठेकेदाराला सांग, उद्या सकाळीच या. मेंढरं यायच्या आधी दगड हलवा आन काम धरा. उगं गावात चर्चा नको."

"आप्पा, पाडव्याला?"

"मुहूर्त चांगला हाय!" म्हणून आप्पांनी बुलेटला किक मारली.

शलोमी कालव्याच्या कठड्यावर बसली. पाणी संथ चाललं होतं. उद्या सकाळी सगळं संपणार. आजोबांना आता सांगितलं काय आणि न सांगितलं काय! सांगितलं तर आजीची जागा सापडल्याच्या दिवशीच ती पडताना बघायची. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही.

बिरदेव शेजारी येऊन बसला. घरून सटकून राजनंदिनीही आली. बराच वेळ त्यानं पाण्यात खडे टाकले.

"नंदे," शेवटी तो म्हणाला, "तुझ्या बापानं आबांना काय सांगितलं होतं गं? मेंढरं कोकणात जायच्या आधी एक रात आमच्या रानात बसवा म्हणून?"

"हो. खतासाठी. उसाच्या फडात. त्याचं काय?"

"मेंढरं एकदा बसली, भोवती जाळ्याची वाघर लावली, की मालकबी त्यास्नी उठवत न्हाय. सकाळी दूध निघाल्याबिगर वाघर सुटत न्हाय." बिरदेवचे डोळे चमकले. "आज रातीला आमी रानात न्हाय बसवली. गोदामाभोवती बसवली तर?"

राजनंदिनीनं टाळीच वाजवली. "ट्रॅक्टर काय मेंढरांवरून नेणार?"

"पण तुझे आबा ऐकतील?" शलोमीनं विचारलं.

दगडासमोर बसून गेणबांनी सगळं ऐकलं. चाती फिरवत फिरवत ऐकलं. क्रूसाचं ऐकताना मात्र त्यांची चाती थांबली. 

"आमच्या बापानं सांगितल्यालं," गेणबा म्हणाले, "हितलं छप्पर पडलं, भिंती रित्या पडल्या, तवा ही मेंढी तोंडावर आपटून पडली हुती. कुनाची, कुठली, कोन इचारतंय? आपल्या बापजाद्यांनी उचलली, पुसली, सावलीला ठिवली. मेंढरू पडल्यालं दिसलं की धनगर उचलतोच. त्याला मालकाचं नाव लागत न्हाय." ते काठी टेकून उठले. "चला. आज वाघर हितंच लागंल."

संध्याकाळी गावात लक्ष्मीपूजनाची गडबड उडाली होती. आप्पा दुकानांच्या पूजेत अडकले. कुंडलिक प्रसादाच्या मागे. दिवेलागणीला मेंढरांचा कळप आला आणि गोदामाभोवती लोकरीचा समुद्र पसरला. गेणबांच्या मुलांनी खुंट्या ठोकून वाघरीचं जाळं बांधलं. राजनंदिनी गल्लीगल्लीत फिरून पोरांना बजावत होती, "गोदामाकडे फटाका वाजवलात तर माझ्याशी गाठ आहे! किल्ला बघायला यायचंय ना?"

पाडव्याच्या सकाळी ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. एका मेंढीनं मान वळवून बघितलं आणि परत रवंथ सुरू केला.

"हे काय हाय?" आप्पा गरजले. "गेणबा, मी रानात बसवा म्हणलं हुतं!"

"व्हय की, आप्पासाहेब. पर पोरांनी हितं आनली. बसली बिचारी. आता दूध निघंस्तवर कशी उठवायची?"

"मग काढा दूध!"

"काढतोय की. घाई केली तर पान्हा चोरत्यात."

लोक जमू लागले. पाडव्याला सगळी पेठ इथं यायचीच. आज ट्रॅक्टर बघून आणखी आली. टेकडीवरच्या चर्चची मंडळी आली, स्टँडमागच्या चर्चची आली आणि सवयीनं दोघं दोन बाजूंना उभी राहिली. शलोमी मात्र तिथं नव्हती. ती घराकडे पळत सुटली होती.

"आजोबा, चला!"

"कुठं?"

"मला काहीतरी दाखवायचंय."

"मला नको, बाळ. गर्दी असेल."

शलोमीनं आजीचं कापड त्यांच्या हातात दिलं. "आजोबा, तुम्ही नाही दाखवू शकलात, कारण ती झाकलेली होती. आजी रोज दळण घेऊन तिच्या शेजारूनच जायची. तिलाही नाही दिसली. आता दिसतेय. पण थोडाच वेळ."

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. मग खुंटीवरची टोपी काढली. किती महिन्यांनी!

ते पोहोचले तेव्हा गेणबा मेंढीच्या दुधाची चरवी घेऊन दगडासमोर बसले होते. शांतवन आजोबांना बघून गर्दीनं वाट दिली. गेणबांनी मान वर केली.

"या, तात्या. तुमचीच वाट बघत हुतो. वरचा थर ऱ्हायलाय. पोरानं हात लावला न्हाय. आता तुमच्यासमूर लावतो."

त्यांनी दूध ओतलं. अंगठ्यानं, लेकराचं तोंड पुसावं तसं, हळूहळू चोळलं. हळदीचा मोठा पोपडा सुटून त्यांच्या तळहातावर आला. खाली काठीचं टोक होतं. झेंड्याची एक घडी. आणि त्यावर लहानसा, नीट कोरलेला क्रूस.

शलोमीनं कापड दगडाशेजारी धरलं. तोच पाय. तीच काठी. झेंड्याची तीच दोन टोकं.

 दोन्ही चर्चची मंडळी नकळत पुढे सरकून एकमेकांत मिसळली होती.

"दारावरच्या ठिगळात हा दगड बरोब्बर बसतो," राजनंदिनी मोठ्यानं म्हणाली. "आप्पा, तुम्ही दोरा धरून बघा. आमच्यावर विश्वास नको."

सगळ्या गावादेखत आप्पांना दोरा धरावा लागला. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं ठेकेदाराच्या. आधी दगड, मग भिंत. गाठ जिथं यायला हवी तिथंच आली. आप्पांनी टोपी मागे सारून कपाळ पुसलं.

"आत चौथरा हाय, खिडक्या हायत," बिरदेव म्हणाला. "हे गावातलं पयलं चर्च हाय, आप्पा. गाव नवं हुतं तवाचं."

"आणि आमच्या दोघांच्याही आधीचं," स्टँडमागच्या चर्चचे एक म्हातारे पुटपुटले. टेकडीवरच्या चर्चच्या पंचांनी मान हलवली. या दोघांचं एखाद्या गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

"बरं बाबा!" आप्पा म्हणाले. "ठेकेदार, ट्रॅक्टर मागं घ्या. गाळे स्टँडकडं काढू. सोसायटीची सभा घेतो, ठराव मांडतो. माझीच पोरगी माझ्याच दारात मला हरवती, आता काय बोलायचं!" आणि त्यांनी राजनंदिनीच्या डोक्यावर हात ठेवला. "पर हुशार हायती पोरं. आमी रोज कुलूप उघडत हुतो, आमाला न्हाय दिसलं."

"आप्पासाहेब, मी म्हणतच हुतो, पोरं हुशार हायत," कुंडलिक म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघून हसले.

बिरदेव मात्र हसला नाही. "आबा," त्यानं विचारलं, "आता मेंढी कुणाची?"

गेणबांनी शांतवन आजोबांकडे बघितलं. आजोबा दगडासमोर गुडघे टेकून बसले होते. कोकराच्या पाठीवर त्यांचा हात होता.

"आम्ही हिला विसरलो," आजोबा हळू म्हणाले. "तुम्ही सांभाळलीत. आम्ही कसं म्हणायचं आमची?"

"तात्या, आमी तर तिला उगंच लंगडी म्हणत हुतो."

"उगंच नाही, गेणबा. लंगडत असेल तरच काठी लागते." आजोबांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि हात पुढे केला. गेणबांनी त्यांना उठवलं. "ती आहे तिथंच राहू दे. दारात. पाडव्याला मेंढरं तिच्यासमोरून जाऊ देत. आम्ही आत बसू."

"असंच करू," गेणबा म्हणाले.

वाघर सुटली. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी उठली. मेंढरं धूळ उडवत दगडासमोरून निघाली आणि भंडारा उधळला गेला. आजोबा तेवढ्यात आत गेले होते. गोण्यांच्या मागे, चौथऱ्याच्या पायरीवर, ते एकटेच बसून राहिले. शलोमी दारातून बघत होती. ते काही बोलले का, हे तिला बाहेरच्या गलक्यात ऐकू आलं नाही. ती आत गेली नाही.

बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा होता. त्यांनी तिघांना जवळ ओढलं. "शाब्बास रे, पोरांनो. सायकलवर फिरून जे मला जमलं नाही, ते तुम्ही काड्यापेट्यांनी केलंत."

मग त्यांनी आजीचं कापड हातात घेतलं, पायाशी पडलेला चिमूटभर भंडारा उचलला आणि कापडाच्या कोपऱ्यात ठेवून गाठ मारली.

"आजोबा! हळदीचा डाग पडेल!" शलोमी घाबरून म्हणाली. "तो धुऊन जात नाही. आजी रागावली असती!"

"पडू दे," आजोबा म्हणाले. "या आभाराच्या सणाला मेजावर अंथरायला मीच घेऊन जाणार आहे. तिलाही कळू दे, आपण कुठं जाऊन आलो ते."